लांबूनच पाहिलेला डाग

दहावीच्या वर्गात चंद्रकलाच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. अख्खा बाक तिचा! शेजारच्या मीनाने आधी दप्तर उचललं, मग ती स्वतः उठली आणि मागच्या बाकावर तिसरी होऊन बसली. चंद्रकलाच्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध, पांढरा डाग उमटला होता आणि पांढुर्ण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तो महारोग ठरवला होता.

घरीही तेच. ताट वेगळं, पेला वेगळा, खाट मागच्या खोलीत. धाकटा भाऊ श्रीकांत दारातून दिवसभराच्या गमती सांगायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही. तीही खदखदून हसायची. हसणं संपलं की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची. बाबा, म्हणजे यशवंतराव, आताशा तिच्याशी बोलताना बाहेर संत्र्याच्या झाडांकडे बघत. परीक्षेच्या आधीच तिला शाळेतून काढून महारोग्यांच्या दूरच्या आश्रमात ठेवायचं ठरत आलं होतं.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, असं ती म्हणाली तेव्हा बाबांनी विषयच तोडला. आजोबांना साप चावला तेव्हा याच डॉक्टरांनी वाचवलं होतं. यशवंतरावाचा आपल्यावर भरवसा नाही, हे त्यांच्या कानावर गेलं तर कोणत्या तोंडाने पुन्हा त्यांची पायरी चढायची?

जामसांवलीच्या मारुतीला जायला मात्र ना नव्हती. देवाला विचारलं तर डॉक्टरला राग येत नाही! शनिवारी माय तिला घेऊन निघाली. बसमध्ये दोघींच्या मधे मायने नारळाची पिशवी ठेवली. दर्शन झालं, घरी जाणाऱ्या बससाठी दोघी सौसरच्या स्टँडवर आल्या आणि चंद्रकला सरळ दवाखान्याच्या पाटीकडे चालू लागली. माय हाका मारत मागून आली, पण आली.

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले. कापसाचं टोक अंगाला लावत, कुठे लागतंय ते सांग म्हणाल्या. गाल. हनुवटी. मग कपाळ, डागाच्या अगदी मधे. तिने दर वेळी बरोबर सांगितलं. महारोगाचा डाग बधिर असतो, त्याला स्पर्श कळत नाही, असं बाई म्हणाल्या. कोपराच्या, मानेच्या शिरा चाचपून झाल्यावर बाईंनी विचारलं, पहिल्या डॉक्टरांनी असं काही केलं होतं का? त्यांनी खुर्चीतूनच पाहिलं होतं.

त्या वर्षी, एकोणीसशे पंच्याऐंशी साली, चिकट टिकल्यांची पाकिटं नव्यानेच बाजारात आली होती. चंद्रकला रोज तसली टिकली लावायची आणि डाग त्या टिकलीच्या गोंदाचा होता. महारोग असता तरी औषध आहे, पोरीला असं कोपऱ्यात टाकायचं काहीच कारण नव्हतं, असं बाई मायला म्हणाल्या. माय पदराची चुणी करत राहिली.

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक डॉक्टर असं म्हणून राहिला, दुसरी तसं. मी कोनाचं खरं मानू?"

"कोनाचंच नका मानू," चंद्रकला म्हणाली. "मी डोळे मिटतो. तुम्ही बोट लावून पाहा. मले समजलं नाई, तर धाडा आश्रमात."

तिने डोळे मिटले. बाबा खाकरले. खाट करकरली. मग कपाळावर काहीतरी टेकलं. जाडं, खरबरीत.

"समजून राहिलं काय, पोरी?"

समजलं तर केव्हाच होतं. पण हो म्हटलं की बोट उचललं जाईल, म्हणून ती जराशी थांबली आणि मगच "हाव" म्हणाली.