निळ्या रंगात मीठ

संप होऊन नऊ वर्षं झाली होती. गिरणीच्या रंगखात्यात उमेदीची वर्षं घालवलेला रघू आता परळच्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचा, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर. चालू ऑर्डर शनिवारी संपत होती.

तिथे दुर्गा कोंबडीच्या अंड्यांवर संशोधन करायची. तिने त्याला एकदा समजावलं होतं, "काका, पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, त्यांना साखरेचे लांब धागे लोंबतात. पिल्लू घडताना पेशी एकमेकींना निरोप धाडतात, इथे पंख, इथे पाय. तो निरोप हे धागे धरून ठेवतात. माझ्या औषधाने निरोपाचा जोर वाढला, तर धागेही वाढतात का, ते बघायचंय. निळा रंग धाग्यांवर बसतो. जास्त निळं, तर जास्त धागे."

"म्हणजे सूतच की ओ!"

बुधवारी ती गेल्यावर रघूने निळ्या रंगात बुडवलेल्या पिल्लांच्या दोन्ही बरण्या खिडकीशी धरल्या. औषध दिलेल्या पिल्लांचे पाय निळे होते, न दिलेल्यांचे जरासे फिके. गिरणीत फिका माल म्हणजे जॉबरच्या, मुकादमाच्या शिव्या. त्याचा हात सवयीने चालला. फिक्या बरणीत त्याने दोन चमचे मीठ टाकलं.

गुरुवारी त्या बरणीतले पाय पांढरेफटक होते.

"काका, जमलं!" दुर्गा ओरडली. "केवढा फरक! आत्ता सरांना दाखवते. तुमच्या ऑर्डरचंही बोलते."

रघू स्टुलावर बसला. गप्प राहिलं की सहा महिने पक्के. पण तिने बरण्या उचलल्या तसं त्याच्याच्याने राहवेना.

"मॅडम, पांढऱ्यात मी मीठ घातलंय."

"मीठ?"

"रंग धरावा म्हणून. सुताला घालतात."

"अहो, इथे उलटं होतं! रंगाच्या जागी मीठच जाऊन बसतं." ती थांबली. "आधी किती फरक होता?"

"खरं सांगू? उन्नीस-बीस."

"चार महिने घासले, काका." तिने बरण्या खाली ठेवल्या. मग तिने वहीत रघूचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि सरांकडे गेली.

परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "पुन्हा करायचं. नवी अंडी, दहा दिवस."

"आणि माझं?"

"सर भडकलेत. म्हणाले, तेवढेच दहा दिवस ठेवा. पुढचं नंतर बघू."

"दहा तर दहा," रघू म्हणाला आणि अंड्यांचे ट्रे धुवायला उठला.