अकराच्या आत पृथ्वी सापडायला हवी

सकाळी साडेदहाला विज्ञान संग्रहालयात एकच बोंबाबोंब झाली. पृथ्वी जागेवर नाही!

आता ही पृथ्वी म्हणजे केवढी, तर मोहरीएवढा मणी. मॉडेलं बनवणाऱ्या बाईंनी सूर्यमाला अगदी मापात बसवली होती. दालनाच्या दाराशी फुटबॉलएवढा सूर्य, तिथून लांब ढांगा टाकत चोवीस पावलांवर पांढऱ्या खांबावरच्या टाचणीला पृथ्वी. आणि गुरू? तो पार बाहेर, सायकल स्टँडच्या पलीकडे. त्या मण्यावर बाईंनी भिंगाखाली समुद्र आणि खंड रंगवले होते. पंधरा दिवस मान मोडून! अकराला उद्घाटन, आणि खांब लख्ख.

"लख्खच करायला सांगितलं होतं ना," सफाईच्या मावशी रडकुंडीला आल्या. "मला काय ठाऊक? वाटलं माशीनं घाण केलीय. मारलं फडकं."

संचालक भारी व्यवहारी. "दुसरा मणी चिकटवा. कोणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय!" बाई कडाडल्या आणि सरळ फरशीवर रांगायला लागल्या.

तेवढ्यात त्यांचे दादा आले. दादा प्रवचनं करतात. रोज सकाळी चहावर बहीणभावाची जुंपते. दादा म्हणणार, हा सगळा पसारा देवानं माणसासाठी मांडला. बाई म्हणणार, अरे, एवढ्या पसाऱ्यात आपण कुठल्या झाडाचा पाला! आज धाकटीचं कौतुक बघायला म्हणून दादा हौसेनं लवकर आले, तर धाकटी जमिनीला नाक लावून.

"काय हरवलं गं?"

"पृथ्वी."

दादांना हसू आवरेना. "अगं, तीस वर्षं तूच सांगतेस ना, ही गेली तर विश्वाला पत्तासुद्धा लागणार नाही म्हणून? मग जाऊ दे की!"

"विश्व गेलं खड्ड्यात!" बाईंचा आवाज फाटला. "माझी आहे ती. मला हवीय." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

दादांकडे उत्तर नव्हतं असं नाही. प्रवचनकाराकडे उत्तर नाही असं कधी झालंय? पण त्यांनी ते गिळलं, दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसले आणि कपाटाखाली तळहात फिरवू लागले. मावशी फडकं हलकेच झटकत होत्या. बाई टॉर्च घेऊन फरशांच्या फटी धुंडाळत होत्या.

"देवाला सांगून बघू का?" दादांनी विचारलं.

"सांग, पण हात थांबवू नकोस."

अकराला पाच कमी असताना दादा ओरडले, "कोणी हलू नका! शिंकू तर मुळीच नका!"

त्यांच्या तळहातावर धुळीत निळसर मणी चिकटला होता. बाईंनी भिंग धरलं. समुद्र होते, खंड होते, रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. मावशींनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की दादांनी घाईघाईनं मूठ मिटली.

बाईंनी भिंग धरून ठेवलं आणि टाचणीला मणी दादांनीच लावायला घेतला. "वरची बाजू कुठली गं?"

झालं! विश्वात वर-खाली असं काही नसतंच, हे बाईंनी त्यांना हजारदा ऐकवलं होतं. दादांनी जीभ चावली आणि आता झाडणार म्हणून मान खाली घातली.

बाईंनी नाक पुसलं.

"आपलं घर दिसेल, अशी लाव," त्या म्हणाल्या.