सुई उचलली तरी

मित्रांनो, ट्रान्सफॉर्मर म्हटलं की तुम्हाला खांबावरचा तो जाडजूड, तेल पिऊन दिवसरात्र भणभणणारा गृहस्थ आठवतो ना? तो माझा भाऊबंद खरा, पण आमचं जाणंयेणं नाही. मी जुना स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, तळहातावर मावणारा. मला स्विच नाही, दिवा नाही, विजेची जोडणीसुद्धा लागत नाही. गाण्याच्या तबकडीवर टेकणाऱ्या एका नाजूक जातीच्या सुईतून इतका क्षीण आवाज निघतो, की ॲम्प्लिफायरला त्याचा पत्ताच लागत नाही. मी मध्ये बसतो आणि त्याला दहापट करून पुढे धाडतो. आत येतं तेच बाहेर जातं. पदरचं मी काही घालत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात कुंताबाईंनी मला घडवलं. केसाहून बारीक तांब्याची तार त्या माझ्या गाभ्याभोवती गुंडाळत, आणि मोजणी चुकू नये म्हणून तेवढा वेळ कुणाशी बोलत नसत. पुढे भय्याजी नावाच्या शौकीन माणसाकडे मी नांदलो. "असा साफ आवाज उभ्या नागपुरात नाही," असं ते पाहुण्यांना सांगत आणि मी डब्यातल्या डब्यात फुगत असे. मग कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. भय्याजी गेले. त्यांच्या पोराने मला मोडक्या मिक्सरशेजारी टाकून दिलं. पाली माझ्यावर अंडी घालून गेल्या, आणखी काय सांगू!

शेवटी एका जुन्या सामानाच्या दुकानदाराने मला उचललं, आणि त्याच्याकडून मी भंडाऱ्याला तृप्तीच्या घरी आलो. तृप्ती पोस्टात नोकरी करते. ती रांगत होती तेव्हाच तिची आई, पार्वताबाई, वारली. आईचा फोटो आहे, लुगडं आहे. आवाज मात्र तिला आठवत नव्हता. यंदा आसगावच्या एका घरी भीमगीतांची जुनी तबकडी निघाली. पुढे एक गायक, मागे कोरसला चार बाया. त्या चौघींत पार्वताबाई. कोरसची नावं कुठेच छापलेली नाहीत, आणि बाकीच्या तिघींपैकी आता कुणी उरलेलं नाही.

कोणता आवाज कुणाचा, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, तृप्तीचे वडील आनंदराव. आणि त्यांचे कान पार गेलेले. जेवायला बोलवायचं तरी खांद्याला हात लावावा लागतो.

"तुई माय त्या चौघीतच हाय वं," ते म्हणाले, "पण मले आता आयकूच येत नाही. कोणती ते कसा सांगू?"

तृप्तीने हट्टच धरला. चार आवाज वेगवेगळे ऐकू आले, तर आपल्याला आईचा ओळखता येईल, असं तिला वाटे. तिने चांगली सुई आणली आणि न जमले ते परत करायच्या बोलीवर तीन ट्रान्सफॉर्मर घरी आणले. एक चाळीसपट करणारा, एक वीसपट, आणि मी.

"चाळीसवालाच ठेव," तिचा नवरा अनुप म्हणाला. "मोठा आवाज येईन."

त्याने तोच आधी जोडला. आवाज काय गडगडला! पण चौघी एकमेकींत कालवल्या गेल्या, वरणभातासारख्या. वीसपटाने थोडं सावरलं. मग माझी पाळी आली. माझा आवाज बेताचा, पण चौघी जणी चार जागी उभ्या राहिल्या. एकीचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"पण लहान येऊन राहिला ना आवाज," अनुप कुरकुरला.

"खत दुप्पट टाकलं म्हणून धान दुप्पट होते काय?" तृप्ती म्हणाली. "हाच राहू दे."

अशी माझी निवड झाली. ओळख मात्र पटेना. रोज संध्याकाळी ती तेच कडवं लावायची. आज वाटे ही, उद्या वाटे ती. "पोटची पोर असून मले मायचा आवाज ओळखू येत नाही," म्हणत ती एकदा ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं. पण मला तरी काय ठाऊक!

मग ती रविवारची दुपार आली. अनुप बाजारात गेला होता. आनंदराव ओसरीत पाठमोरे बसून वालाच्या शेंगा सोलत होते. तृप्ती थकली होती. कडवं अर्ध्यात असतानाच तिने सुई उचलली.

तीन आवाज थांबले. चौथा थांबला नाही.

मित्रांनो, सुई हवेत होती. माझ्या आत काहीही येत नव्हतं, आणि माझ्यातून एक बाई गात होती. जन्मात कधी कोमटसुद्धा न झालेला मी चुलीवरच्या तव्यासारखा तापलो. भ्यालो, स्पष्ट सांगतो. तिने ओळ सावकाश पुरी केली, दम घेतला, आणि मग गाण्यातला नव्हे, घरातला आवाज आला.

"अजी... आयकता का?"

तृप्तीने उचललेली सुई तशीच धरून ठेवली. आणि ओसरीतून, पाठमोऱ्या बसलेल्या, ठार बहिऱ्या आनंदरावांनी ओ दिली.

"हो वं पार्वता. आयकून राहिलो."

शेंगा त्यांच्या हातून सांडल्या होत्या. ते उठले नाहीत, वळले नाहीत. मधूनमधून मान तेवढी हलवत राहिले, कुणी घरचं कामधाम समजावून सांगावं तशी. माझ्यातून तर तेव्हा काहीच जात नव्हतं. मग ते कुणाचं ऐकत होते, ते मला विचारू नका.

बऱ्याच वेळाने तृप्तीने सुई पुन्हा तबकडीवर ठेवली. या वेळी तिला शोधावं लागलं नाही. चौघींतली ती, प्रत्येक ओळ किंचित उशिरा उचलणारी.

"माय," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून नीट ठेवा, अडगळीत टाकू नका, असं मी सांगणारच. म्हातारपणी ते सांगायचंच असतं. पण त्याहून महत्त्वाचं एक ऐका. घरातून कुणी हाक मारली, तर लगेच ओ देत जा. ओ मिळाली नाही म्हणून हाक विरून जात नाही. ती वाट बघत बसते, आणि मग मिळेल त्या तारेतून येते.