पुलावर वाजलेली काठी

मी एक जुनी काठी आहे, आणि मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीइतकाही विश्वास बसणार नाही. न बसो! शिकोकू बेटावरच्या बुद्धाच्या डोंगरावर मी हजार वेळा चढले आहे. पूर्वी माणसाच्या खांद्याला लागत होते; झिजून झिजून कमरेइतकी उरले.

एके काळी माझा थाट होता. मुक्कामाला पोचलेला यात्रेकरू आधी माझा पाय धुवायचा, मग स्वतःचे. काठी म्हणजे प्रत्यक्ष महागुरूच ना, ही यात्रा सुरू करणारे संत! फक्त पूल आला की मला उचलून धरायचं. महागुरू पुलाखाली झोपतात. त्यांची झोपमोड करणाऱ्याचं भलं होत नाही.

पुढे हलक्या, चकचकीत काठ्या आल्या आणि मी पायथ्याच्या चहाच्या टपरीवर, फाटक्या छत्र्यांच्या टोपलीत पडले.

पानगळीतल्या एका दुपारी तोमिए धापा टाकत तिथे आली. तिचे वडील, किहेई आजोबा, घरातून नाहीसे झाले होते. त्यांना काही आठवत नसे. लेकीलाही ते ‘बाई’ म्हणत. सहा वर्षांपूर्वी वारलेली बायको डोंगरावर गेली आहे, एवढंच डोक्यात. आज तिच्यासाठी भाताचा गोळा घेऊन ते पातळ सदऱ्यावर निघाले होते.

“दाराला कडी लावता येत नव्हती?” चहावाली साकाए खेकसली, पण लगेच स्वतःचा कोट तिच्या अंगावर टाकला. “हो पुढे. मी माणसं घेऊन येते.”

तोमिएने हाताला लागली ती काठी उचलली. ती मी. वर धुकं उतरत होतं, गारठा हाडांत शिरत होता. “बाबाऽ!” हाका मारून तिचा गळा बसला. वाटेत एक चप्पल सापडली. एकच. ती छातीशी धरून तोमिए धावत सुटली आणि पुलावर मी वाजले. टक्!

ती जागीच गोठली. बाप हरवलेला, वर हे पाप! तिने फळ्यांवर कपाळ टेकलं. “महागुरू, चुकले मी. काय शिक्षा करायची ती मला करा. पण माझ्या बाबांना या थंडीत मारू नका हो!”

खालून क्षीण आवाज आला, “अहो बाई, हळू! महागुरू झोपलेत ना!”

ओढ्याकाठच्या दगडांत आजोबा पडले होते. पाय मोडलेला, मुठीत भात तसाच. साकाएच्या माणसांनी त्यांना पाठीवर घालून उतरवलं.

आता ते रोज माझ्या टोपलीशेजारच्या बाकावर बसतात. माझ्या माथ्यावरची छोटी घंटी तोमिएने सोडून त्यांच्या कमरेला बांधली आहे, उठून निघाले की कळावं म्हणून. “बाई, चहा द्या,” तिलाच म्हणतात. लेकीचं नाव काही ओठांवर येत नाही.

तेव्हा मित्रांनो, झिजलेल्या काठीला टाकू नका, आणि वाटेत एकटा म्हातारा दिसला तर जरा थांबून विचारा, ‘आजोबा, कुठे निघालात?’ आणि हो, ती टक् म्हणजे चूक नव्हती बरं. मी जाणूनबुजून, मोजून एकदाच...

“खोटं!” बाकावरून किहेई आजोबा कडाडले. “तीनदा आपटली ही! आणि तिसऱ्यांदा आमची तोमिए रडायला लागली.”