बेडकाच्या धडावर

एकोणऐंशी साल होतं ते. प्रयोगशाळेत तिच्या हातात तांबड्या पेन्सिलीचं बोटभर थोटूक, आणि खिडकीच्या उजेडात धरलेली कागदाची पट्टी — पाठीमागून, तिच्याच अक्षरात, उलटं उमटलेलं 'बदक'.

पण ही तर बेडकाची पट्टी...

मासा, बेडूक, कोंबडी, गाय — सगळ्यांत असणारं एकच प्रथिन, अक्षरांच्या साखळीत लिहिलेलं, एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. पहिली वीसेक अक्षरं म्हणजे त्याचं डोकं, पत्ताच तो. प्रथिनाला पेशीतल्या दारापाशी पोचवतो, आणि दार ओलांडलं की पेशी ते डोकं कापून टाकते. म्हणून प्रयोगशाळेतही कागदी पट्ट्यांची डोकी कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची रीत. साखळी अर्धवट राहिली म्हणून सोडून दिलेल्या बदकाचं डोकं त्याच डब्यात पडून होतं, आणि लेखासाठी डोकी पुन्हा चिकटवताना तिने तेच बेडकाला लावलं होतं. सर महिनाभर हरखून सांगत होते — बेडूक आणि कोंबडी, डोकी बघा, सख्ख्या बहिणी! असणारच की... बदक कोंबडीच्याच गोतातलं.

लेख चारच्या टपालाने जायचा. सर पुढच्या महिन्यात निवृत्त. तिची हंगामी नोकरी याच लेखावर टांगलेली. गप्प बसलं तर? आई म्हणायची, खोटं बोलू नये, पण विचारल्याशिवाय खरंही बोलू नये.

तिने बेडकाचं खरं डोकं शोधून शेजारी ठेवलं. बाकीच्यांशी धड चार अक्षरं जुळतील तर शपथ! सवयीने तेलकट स्वभावाची, पाण्याला टाळणारी अक्षरं तांबडी करत गेली, आणि हात थांबला — चौघांच्याही मधोमध तोच तांबडा पट्टा. अक्षरं पार बदललेली, स्वभाव तेवढा राखलेला...

"सर, बेडकाला बदकाचं डोकं लागलंय. माझ्या हातून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि माझं कुठे होतं गं महिनाभर?"

"पण सर, हा पट्टा बघा ना —"

"राहू दे. आता नवं काही बघायचं त्राण नाही. डोकी गाळून टाक. धडं तर खरी आहेत?"

तिने गाळली. चारच्या टपालाने नुसती धडं गेली.

सर पुढे बागेत रमले. भेटले की 'काय बदक!' म्हणायचे, शेवटच्या आजारातसुद्धा. आई त्यांच्या आधीच गेली. ती मुलगी मीच; माझी नोकरी कायम झाली. तांबड्या पट्ट्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं मी पुढे वाचलं, चहा गार होईपर्यंत.

त्या दिवशी मी धीटपणा केला, असंच इतकी वर्षं समजत आले. आज पट्टी पुन्हा उजेडात धरली. चूक सांगताना आवाज कापला नव्हता माझा... मग 'बघा ना' एवढं मी एकदाच का म्हणाले?