तंबूच्या काठ्या

या, जरा जवळ सरकून बसा. दोन भल्या माणसांची गोष्ट सांगायची आहे. सुरुवात हसण्यासारखी आहे, पुढे तसं राहत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

एक होता चष्मेवाला. लोकांना लख्ख दिसावं म्हणून दिवसभर भिंगं घासायची आणि घरी येऊन दिवा न लावता बसायचं, असं त्याचं सहा महिने चाललं होतं. बायको गेली, मागे आठ वर्षांची मुलगी. ती चार दिवस बापाकडे, तीन दिवस मामाकडे. मामा गोदामात माल रचायचा. त्याच्या घरी पाळणा हलला नव्हता, आणि मामीचा तर भाचीवर जीव. सोमवारी नव्या शाळेचा अर्ज भरायचा होता. त्यावर पत्ता एकच लिहायचा. पण कोणाच्या घराचा, हे कोणीच तोंडातून काढत नव्हतं.

मेहुणाच म्हणाला, दाजी, चला, ताईचा आवडता किनारा दाखवतो. लग्नाआधी भाऊबहीण पाठीवर सॅक टाकून तिथे मुक्कामाला जायचे. दाजींना दुकानातून कधी सवड झाली नव्हती. गाडीरस्ता संपल्यावर पाच तास पायी, वाटेत ना घर ना टपरी, आणि पाऊस तर तिथे कायमचा वस्तीला आलेला.

आदल्या दिवशी सामान भरताना, दाजींचा गुडघा दुखतो म्हणून मेहुण्याने तंबूच्या काठ्या त्यांच्या सॅकमधून गुपचूप आपल्या सॅकमध्ये घातल्या. दाजींनी ते पाहिलं, आणि त्याची पाठ वळताच परत काढल्या. असं दोन-तीनदा झालं. शेवटी काठ्या दाराआड टेकून राहिल्या. सकाळच्या घाईत दोघांनाही वाटलं, समोरच्याने घेतल्या असणार. विचारलं कोणीच नाही.

किनाऱ्यावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. पाणी राखाडी, आभाळही तसंच. सॅका उपसून झाल्या आणि दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

“गोदामात असं केलं असतं, तर मुकादमाने मला उन्हात उभं केलं असतं,” मेहुणा म्हणाला.

“इथे ऊन कुठून आणणार?”

हसले बिचारे. मग एका आडव्या ओंडक्यावरून तंबूचं कापड ओढून त्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसले. कापडात पाणी साचायचं, ते डोक्यानेच वर ढकलायचं. आपली बायको इथे अशी कितीदा भिजली असेल, याचा विचार करता करता दाजी एकदम बोलले.

“पोरीचंही आपण या काठ्यांसारखंच करतोय. विचारत कोणीच नाही.”

मेहुण्याने कापडात साचलेलं पाणी डोक्याने वर ढकललं.

“तुझ्याकडे ती तिची पिशवी उघडते का रे?”

“उघडते. मामीने कपाटात खण दिलाय तिला.”

“माझ्याकडे भरलेलीच असते. जेवते, ताट उचलते, आणि मला विचारून झोपायला जाते. पाहुण्यासारखी.”

मेहुणा चाचरत म्हणाला, मुलगी तुमची आहे, आम्ही कधी मागितली नाही.

“मागितली नाहीस, ते माहीत आहे मला. हवी आहे का, ते सांग.”



“हवी आहे,” पोत्यांच्या थप्प्या लावणारा तो दांडगा गडी चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घालून म्हणाला.

“मलाही,” दाजी म्हणाले. चष्मा काढून पुसला. पुसायला कोरडं काहीच नव्हतं, तो आणखी ओला झाला. “पत्ता तुझा लिहू.”

रात्र दोघांनी बसूनच काढली. परतीच्या वाटेवर मेहुण्याने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, पण दाजी चार पावलं पुढेच चालत राहिले.

सोमवारी बापाने आपल्या हाताने, आपल्या रेखीव अक्षरात मेहुण्याचा पत्ता लिहिला. मुलीने अर्ज वाचला. बाबा, तुम्ही कधी येणार, एवढंच विचारलं. दर रविवारी, तो म्हणाला, आणि मामीने तिला जवळ घेतलं तेव्हा दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघाला.

तर मंडळी, देवापाशी आपलं सगळं मागून झालं, की आठवड्यातल्या सहा संध्याकाळी एकट्यापुरतं ताट वाढून घेणाऱ्या त्या चष्मेवाल्याची आठवण करा.