गोळ्या तळाला गेल्या

महादेवाच्या बारवेतल्या माशांना रोज कणकेच्या एकशेआठ गोळ्या घालायच्या, हा माझा अकरा वर्षांचा नेम. पायरीवर ताटली वाजली की मासे धावत येतात. सोमवारी आले नाहीत. नुसती तोंडं वर काढून उघडझाप करत, कडेकडेनं भेलकांडत होते. गोळ्या तळाला गेल्या.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तीन दिवस एकवेळ जेवले, जप दुप्पट केला. आता माझाच मला राग येतो. त्याच बारवेचं पाणी गावच्या टाकीत चढतं, आणि घरात सून रत्ना सात महिन्यांची गरोदर. तीन दिवस ती तेच पाणी प्यायली.

चौथ्या दिवशी चार मासे उलटे तरंगत होते. बारवेत पाझरणाऱ्या वरच्या ओढ्यात औषध फवारणीचे पंप धुतात, हे तेव्हा कुठं डोक्यात आलं. पाणी सोडणाऱ्या गोरखला गाठलं.

"गोरख, आज पाणी सोडू नको बाबा. मासे खाईनात."

"एकादशी आसंल त्यांची!"

"हसू नको रे."

"काकू, परवाच रिपोर्ट आलाय. पाणी एकदम ओके."

"तपासायला कुठलं दिलंतं?"

"हापिसातल्या नळाचं."

"त्याला तर बोअरचं पाणी येतं!"

"मग काय करू? माशांचं म्हणणं लिहायला फॉर्मात जागा न्हाई."

आठला पाणी सुटतं. मी पाणी सोडायच्या वॉलच्या झाकणावर जाऊन बसले आणि माळ काढली. हंडे घेऊन बाया जमल्या.

"काकू, उठा की राव!" गोरख कावला.

"तुझा देव येणाराय व्हय माझी भांडी घासायला?" शेजारची ठकूबाई ओरडली.

जन्मात कुणाशी भांडले नाही मी. ताटली गोरखपुढं धरली. "ह्या आजच्या गोळ्या. एक जरी माशानं खाल्ली तर उठते."

तो पाय आपटत बारवेकडं गेला. बऱ्याच वेळानं आला. ताटली रिकामी होती.

"खाल्ल्या ना? ऊठ आता!" ठकूबाई म्हणाली.

गोरख माझ्याकडं बघेना. "काकू, घरात रिकामी बाटली हाय का? बारवेतलंच पाणी भरून नेतो. रिपोर्टला आठ दिवस लागत्याल."

"आन् तवर आमी काय प्यायचं?" ठकूबाईनं हे मला विचारलं, जणू पाणी मीच नासवलं होतं.

मी पुढचा मणी ओढला. उठले नाही.